शेवटचा पाव फेरा

४ सप्टेंबर, गुरुवार

ही डायरी ऑइलवाल्यानं जानेवारीत दिली होती. तेव्हापासून दुकानाच्या फळीवर धूळ खात होती. आज झटकून घरी आणली. बायको रहमतबी आमच्या लेकीच्या, इफ्राच्या, बाळंतपणासाठी अकोल्याला गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, आणि कालपासून दुकानातही नाही. मराठीत लिहितो आहे, कारण रहमतबी उर्दू शाळेत चौथीपर्यंतच शिकली, तिला हे वाचता येणार नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मार खाल्ला, त्याचा एवढा तरी उपयोग.

काल प्रेमसिंग दुकान सोडून गेला. तो माझा नोकर नव्हता, भागीदारही नव्हता. इफ्रा पाळण्यात होती तेव्हापासून माझ्यासोबत इंजिनं उघडतो, एवढंच नातं.

झालं ते असं. उदयसिंगची जुनी डिझेल जीप आली आहे. त्याचा डीजेचा धंदा. लग्नात स्पीकरची ट्रॉली आणि जनरेटर ओढत तांड्यातांड्यावर जातो, आणि चढ आला की जीप दम टाकते. गेल्या उन्हाळ्यात म्हणे नवरदेवानं खाली उतरून धक्का मारला. त्याला आता टर्बो बसवायचा आहे. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, ताकद जास्त. पण आतला दाबही जास्त, आणि तो दाब इंजिनाचं डोकं, म्हणजे हेड, वर उचलायला बघतो. त्या हेडला खाली धरून ठेवतात ते दहा बोल्ट. म्हणून सगळा खेळ बोल्टचा.

प्रेमसिंग मला न सांगता स्वतःच्या मनानं अकोल्याला गेला आणि बोल्ट घेऊन आला. कागदाची पुडी उघडून म्हणाला, "भाई, हे पाहा. याच्याहून कडक बोल्ट अकोल्यात भेटत नाही." हार्डवेअरच्या दुकानातले होते. मी म्हटलं, "हे बैलबंडीले लाव," आणि पुडी भंगाराच्या डब्यात टाकली. उदयसिंग हसला. त्याला हसायचं कारण नव्हतं.

प्रेमसिंग उठला. साबणानं हात धुतले, पुन्हा एकदा धुतले, खुंटीवरचा शर्ट घातला आणि गेला. मी म्हटलं चहाला गेला असेल.

मी बरोबरच होतो, हे इथं लिहून ठेवतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

तो आला नाही. मी फोन करणार नाही. वयानं मी मोठा आहे.

आज जुने दहा बोल्ट डिझेलमध्ये धुऊन काचेवर ओळीनं मांडले. उंची सारखी असायला पाहिजे होती, नाही. काही नखभर लांब झालेत, दोनांची मान बारीक झाली आहे. उदयसिंग आला होता. म्हणाला, "हेच परत लावा ना मिस्त्री, गंजले तर नाहीत." त्याला समजावता समजावता माझी दुपार गेली.

लोकांना वाटतं बोल्ट घट्ट असतो म्हणून धरतो. तसं नाही. कसताना बोल्ट किंचित ताणला जातो, आणि मग तो सारखा आपल्या मूळ लांबीला परत जायला बघतो. त्या ओढीनं तो धरतो. जास्त कडक बोल्ट ताणला जात नाही, जोर आला की सरळ तुटतो. आणि एकदा पुरता ताणलेला बोल्ट पुन्हा वापरला तर त्याच्यात ओढ उरलेली नसते. दिसतो चांगला, पण नुसता बसलेला असतो.

हे मी प्रेमसिंगला कधी सांगितलं होतं का, ते आठवत बसलो. सांगितलं असणारच. एवढ्या वर्षांत सांगितल्याशिवाय राहिलो असेन का?

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शेवटी ठरलं. याच इंजिनाचा पुढचा नमुना कंपनीनं टर्बोसकट काढला होता. त्याचे आटे हेच, पण बोल्टचा धातू वेगळा, मान वेगळी, मुद्दाम ताणण्यासाठीच घडवलेली. तेच घ्यायचे. हेडचे दहा आणि पिस्टनच्या रॉडचे आठ. अकोल्याच्या पार्टवाल्याला फोन केला. तो म्हणाला एवढं कशाला, साधे लावा, चालतात. मी म्हटलं तू वीक, मी लावतो. हेडचा एक जास्तीचा सांगितला.

हत्यारांच्या कपाटाला आज कुलूप लावलं. नमाजला जातो तेव्हा दुकानात कोणी नसतं, पाने उघडे पडतात. शटरची दुसरी चावी अजून प्रेमसिंगकडं आहे. ती मी मागणार नाही, त्यानं आणून द्यावी.

१३ सप्टेंबर, शनिवार

नातू झाला! सकाळी रहमतबीचा फोन. इफ्रा बरी आहे. बाळाचे कान माझ्यासारखे मोठे आहेत म्हणते. मी दुकानात एकटाच "अल्हम्दुलिल्लाह" असं ओरडलो. शेजारचा पंक्चरवाला सोमला धावत आला, त्याला वाटलं जॅक पायावर पडला. त्याला पेढा दिला. एक पेढा बाजूला ठेवला होता, तो संध्याकाळी मुंग्यांनी खाल्ला.

२० सप्टेंबर, शनिवार

बोल्ट आले. तेलकट कागदात गुंडाळलेले. एकेक हातात घेऊन पाहिला. चांगला बोल्ट हातात घेतला की समजतो.

रॉडचे बोल्ट आज कसले. आमच्या दुकानाची एक रीत आहे. एकानं बोल्ट कसायचा, दुसऱ्यानं तपासायचा, आणि तपासणाऱ्यानं त्याच्या डोक्यावर लाल ठिपका द्यायचा. ठिपका आहे म्हणजे शेवटपर्यंत कसलेला आहे, आता त्याला कोणी हात लावायचा नाही. ठिपका नेलपॉलिशचा. ही युक्ती प्रेमसिंगची, बाटली इफ्राच्या लग्नातली. रहमतबीनं ती बाटली आठवडाभर शोधली होती.

आज मीच कसले, मीच तपासले, मीच ठिपके दिले. स्वतःचा पेपर स्वतःच तपासल्यासारखं वाटलं. सगळे बरोबर निघाले, त्याचाही भरवसा वाटेना.

२४ सप्टेंबर, बुधवार

सकाळी दूध गॅसवर ठेवून दुकानात निघून गेलो. अर्ध्या रस्त्यात आठवलं. पातेलं जळालं. रहमतबीला सांगितलं नाही, पातेलं लपवून ठेवलं आहे. मागच्या आठवड्यात जीपचा फिल्टर दिवसभर शोधला आणि तो माझ्याच खिशात होता. माणूस दोन जणांत राहतो तेव्हा अर्धी आठवण दुसऱ्याकडं असते, असं वाटतं. आता सगळी मलाच ठेवावी लागते आणि मावत नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार

हेड बसवलं. ब्लॉकची भोकं कापडानं पुसून कोरडी केली, आट्यांना तेलाचा एकेक थेंब दिला, बोल्ट टाकले. मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात पहिला टप्पा कसला, मग दुसरा. टॉर्क पाना ठरल्या जोराला कट्ट वाजतो तिथपर्यंत. यानंतर खरं काम. प्रत्येक बोल्टला पाव फेरा, आणि मग शेवटचा पाव फेरा. तिथं पाना वाजत नाही, तिथं अंदाज आणि हात. त्या शेवटच्या फेऱ्यातच बोल्ट ताणला जातो.

पण इंजिन घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, आहे आणि जोर लावला की घोडी फिरते. एकानं धरावी लागते. सोमलाला हाक मारली तर तो टायर घेऊन वाशीमला गेलेला. मग मी पायानं घोडी दाबून धरत एकेक बोल्ट... कंबर भरून आली. घामानं चष्मा घसरला. अंधार पडायला लागला तसं शटर ओढून घरी आलो.

उद्या खंडेनवमी. दुकान बंद ठेवणार. दरवर्षी या दिवशी प्रेमसिंग हत्यारांची पूजा करतो, मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. नारळ मात्र मीच आणतो, चांगला वाजवून बघून. इंजिन उघडं असेल तर फूल नाही, अगरबत्ती नाही, राख नाही, हा माझा कायदा. तो पाळतो, कुरकुरत का होईना.

उद्या तिथं एकट्यानं बसायचं नाही मला. अकोल्याला जातो. नातवाला पाहायचंच आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, अकोला

कान खरंच मोठे आहेत. बोट धरलं तर सोडत नाही.

रहमतबी म्हणाली, "प्रेमसिंग भाई नै आए क्या साथ में?" तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. म्हटलं कामात आहे. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं मला जास्तीचं वाढलं. तिला अजून इथं राहावं लागणार, इफ्राची सासू आजारी आहे. मी म्हटलं राहा, मला काही त्रास नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

नमाजनंतर दुकान उघडलं. आणि आता जे लिहितो ते मला नीट लिहिता यायला पाहिजे.

हेडच्या दाही बोल्टवर लाल ठिपके आहेत.

मी ठिपके दिल्याचं मला आठवत नाही. मंगळवारी शेवटचे फेरे देत होतो हे आठवतं. घोडी फिरत होती, पाय दुखत होता. किती बोल्ट झाले ते आठवत नाही. दाही झाले का? मग तपासून ठिपके कधी दिले? हात माझाच असला पाहिजे, दुसरा कोण आहे? कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं, नेलपॉलिशची बाटली आतच.

टॉर्क पाना लावून पाहिला, कट्ट वाजला. पण तो दुसऱ्या टप्प्यालाही वाजतो आणि शेवटच्या फेऱ्यानंतरही वाजतो. त्यावरून काही कळत नाही. बरं, खात्रीसाठी पुन्हा फेरा द्यावा, तर आधी दिलेला असला तर बोल्ट प्रमाणाबाहेर ताणले जाऊन वाया जातील, एखादा आतच तुटेल. आणि द्यायचा राहून गेला असेल आणि मी दिला नाही, तर हेड उचललं जाईल. विचारायचं कोणाला? त्या दिवशी माझ्यासोबत मीच होतो आणि माझ्यावर माझा भरवसा नाही. दूध आठवलं, फिल्टर आठवला. भीती वाटली, खोटं कशाला लिहू? बापाला शेवटी शेवटी माझं नाव आठवत नव्हतं.

सोमलाच्या बायकोनं खोबऱ्याचा तुकडा आणून दिला. "हा तुमच्या वाटचा ठेवला होता," म्हणाली. दसऱ्याचा प्रसाद असेल त्यांच्या घरचा. उभ्या उभ्या खाल्ला आणि विचार करत राहिलो.

ठिपका असेल तर हात लावायचा नाही. रीत ती रीत. लावला नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज मला कोणी भेटू नये असं वाटतं आहे.

सकाळी जीप तयार होती. टर्बोचा आवाज असा की उदयसिंग लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. ट्रॉली लावली, स्पीकर चढवले, जनरेटर चढवला, आणि त्याच्या तांड्याच्या चढावर निघालो. जिथं नवरदेवानं धक्का मारला होता ती जागा आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये पार केली. उदयसिंग म्हणाला, "मिस्त्री, ही तं उडून राह्यली!" आणि पुढच्या वळणावर फस्स झालं. बॉनेटखालून पांढरी वाफ, रस्त्यावर पाणीच पाणी. गॅसकेट गेलं. हेड उचललं गेलं आणि त्याच्याखालची ही पातळ गादी फाटली.

उदयसिंग चांगला माणूस आहे, ओरडला नाही. फक्त म्हणाला, "मिस्त्री, तुळशीच्या लग्नानंतर माह्या तारखा हायत. मी लोकायले हो म्हनलं." मग ट्रॅक्टरला दोर बांधून आम्हाला ओढत मानोऱ्याला दुकानात आणलं. बसस्टँडवर सगळ्यांनी पाहिलं.

ही गाडी चढली नाही तर मानोऱ्यात माझ्याकडं इंजिन कोण आणेल? आणि मी तरी कोणत्या तोंडानं उघडीन? ज्याला स्वतः काय केलं ते आठवत नाही त्यानं लोकांच्या इंजिनांना हात लावू नये. आज मनात आलं, दुकान बंद करावं आणि अकोल्याला जाऊन नातवाचे कान बघत बसावं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हेड उघडलं.

ताणलेला बोल्ट सोडवताना टण् असा आवाज करून सुटतो. हे गपचूप सुटले. काचेवर जास्तीच्या नव्या बोल्टशेजारी उभे केले, दहाही त्याच उंचीचे. म्हणजे शेवटचे फेरे मिळालेच नव्हते. एकालाही नाही. त्या मंगळवारी मी पाय लावून झटापट केली आणि काही न करता घरी आलो.

मग ठिपके? बोल्ट डिझेलमध्ये टाकले आणि डिझेल लाल झालं. नेलपॉलिश डिझेलमध्ये विरघळत नाही. बोटानं चोळून पाहिलं. कुंकू होतं. बोल्टच्या डोक्यावरच्या तेलात भिजून वाळलेलं कुंकू.

मी तसाच सोमलाकडं गेलो. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता.

"सोमला, खंडेनवमीले माह्या दुकानात कोन आलतं?"

"प्रेमसिंग आलता ना. पूजा केली, नारळ फोडला. फूल नाही वाह्यलं, म्हने भाईचं इंजिन उघडं हाय. झाडूनझुडून शटर लावून गेला."

"अन् तू मले सांगतलं नाही?"

"तुमाले माहीत नव्हतं?" त्यानं ट्यूब सोडली. "प्रसाद तं खाल्ला तुमी!"

दुकानात येऊन खुर्चीवर बसलो. आधी वाटलं, बरं झालं, माझं डोकं शाबूत आहे. मग राग आला. बोल्टवर कुंकू लावतात का कोणी? मग दोन्ही गेलं आणि एवढंच राहिलं की तो आला होता. मी रडलो. मोठ्यानं नाही, पण रडलो.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

प्रेमसिंगच्या तांड्यावर गेलो, कारंजा रोडनं. इतक्या वर्षांत त्याच्या घरी मी कधी गेलो नव्हतो, तोच रोज दुकानात यायचा. घर विचारत जावं लागलं.

तो नव्हता. त्याची बायको बेबीबाई सोयाबीन वाळत घालत होती. तिनं खाट टाकली, पाणी दिलं.

"ते तं गेले ना भाऊ. ऊस तोडाच्या मशीनवर, कोल्हापुराकडं. मशीन बिघडलं की दुरुस्त कराचं काम हाय. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच गेले."

"मले सांगतलं नाही त्यानं."

"तुमालेच भेटाले आलते की, नवमीले. घरूनच नारळ घेऊन गेलते. मशीनवाला मांगं लागला होता. ते म्हने, पयले भाईले इचारतो, जाऊ का नोको जाऊ."

 ती पायानं सोयाबीन पसरत होती.

"दुपारवर बसले तिथं, तुमी येसान म्हनून. पूजेले हत्यारं काढाले गेले तं कपाटाले कुलूप. मंग इंजिनालेच लावलं म्हने कुकू. घरी आले अन् मशीनवाल्याले फोन लावला."

मी म्हटलं, कुलूप चोरांसाठी होतं. ती म्हणाली, हो, आजकाल चोर लय झाले. तिनं चहा केला. त्यात आलं होतं. मी सगळा प्यायलो आणि आलो.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. बाजारात गर्दी. कपाटाचं कुलूप काढून टाकलं आहे. चोर येणार असतील तर येऊ देत.

फोन हातात घेतो आणि ठेवून देतो. काय म्हणायचं? तू कुंकू लावलंस म्हणून माझं गॅसकेट उडालं, असं म्हणू? खरं तर तेच आहे. पण ते खरं असूनही तेवढंच खरं नाही.

बोल्ट वाचले, ही एक चांगली गोष्ट. ताणलेच नव्हते, म्हणून पुन्हा चालतील. फक्त गॅसकेट नवं पाहिजे. पार्टवाल्यानं दिवाळीनंतरचा वायदा केला आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

गॅसकेट आलं. हेड पुन्हा बसवलं. इंजिन आता जीपमध्येच आहे, घोडीची कटकट नाही. सोमलाला शेजारी उभा केला. त्याला बोल्टमधलं काही कळत नाही, पण मी प्रत्येक फेरा दिला की त्यानं मोठ्यानं "झाला" म्हणायचं असं ठरवलं. त्यानं इमानदारीनं म्हटलं. पाचव्या बोल्टनंतर रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. एकानं विचारलं, काय लिलाव आहे का?

शेवटच्या फेऱ्यात बोल्ट हाताला कळतो. आधी साधा जोर लागतो, मग तो एकदम मऊ पण दमदार होतो. हे सोमलाला सांगून उपयोग नव्हता. त्यानं "झाला" म्हटलं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

चढली. भरलेल्या ट्रॉलीसकट, वळणासकट, वरच्या देवळापर्यंत. उदयसिंगनं वर जाऊन सगळे स्पीकर लावले आणि आख्खा तांडा गोळा केला. मला मध्ये उभं करून हार घालायला निघाला होता, मी पळालो. पाण्याची पातळी तपासायचं निमित्त करून बॉनेटमध्ये डोकं घातलं. सगळं कोरडं होतं. एक थेंब नाही.

एवढी चांगली चढली आणि ते बघायला शेजारी कोणी नव्हतं. म्हणजे तांडा होता. पण बोल्ट माहीत असलेलं कोणी नव्हतं.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज दुपारी फोन केला.

उचलला तेव्हा मागं मोठ्या मशीनची घरघर होती. "बोला भाई," म्हणाला. जसा काही कालच दुकानातून गेला असावा.

"उदयसिंगची गाडी चढली," मी म्हटलं.

"चढली? वा! कोनते बोल्ट लावले शेवटी?"

सांगितले. धातू कोणता, मान कशी, कडक बोल्ट का चालत नाहीत, सगळं सांगितलं. तो हो हो म्हणत ऐकत होता. मग म्हणाला, "हे तुमी मले त्या दिवशी सांगतलं असतं तं." आणि लगेच, "जाऊ द्या. बेबी म्हने, पयले बंद पडली होती?"

"हो. गॅसकेट गेलं."

"काहून?"

कुंकवाचं हसत हसत सांगायचं असं मी ठरवून बसलो होतो. सोमलाचा प्रसादही सांगणार होतो. पण तो तिथं दुपारपर्यंत बसला होता. फूल वाहिलं नव्हतं, राख पाडली नव्हती. ऊस तोडायच्या मशीनखाली झोपून तो पुढचे सगळे महिने काय आठवणार, ते माझ्या हातात होतं.

"शेवटचा फेरा द्याचा राह्यला माह्याकून," मी म्हटलं. "इसरलो."

मागची घरघर थांबली. मशीन बंद केलं असावं.

"तुमी इसरले?"

"हो."

"दाही बोल्ट?"

"दाही."

 मी म्हटलं, "चूक झाली प्रेमसिंग. लय मोठी चूक झाली माही."

"होते, भाई."

"मशीन कवावर हाय?"

"फाल्गुनावर. जबान देली त्यायले."

"मंग ये. मले एकट्याले होत नाही."

"येतो म्हनूनच समजा. अन् ते मनाले लावून घेऊ नोका आता. मी नाही ठेवत मनात."

मग त्याला कोणीतरी हाक मारली आणि फोन बंद झाला. गॅसकेट उदयसिंगचं, विसरलो असं सांगितलं ते मी. भंगारात टाकलेल्या पुडीचं नाव दोघांनीही काढलं नव्हतं. मग यात त्यानं मनात ठेवण्यासारखं काय होतं, ते मी त्याला विचारलं नाही.